म्हाताऱ्याचं काय करायचं

हाउगेन रँच, मॉन्टाना
१८ जानेवारी १९९९

प्रिय मॉरीन,

नाताळात तुझा फोन आला तेव्हा आपण दोघींनी मिळून काय केलं ते आठवून बघ. तू तिकडे रिसीव्हर कानाला लावून बसलीस, मी इकडे. शेवटी ‘बर्फ आहे का’, ‘आहे’, ‘इकडेही आहे’, एवढं बोलून ठेवून दिला. म्हणून लिहिते आहे. कागदापुढे गप्प बसलं तर निदान फोनचं बिल येत नाही.

तू पाठवलेला तो लिलाववाला येऊन गेला. कॅलिफोर्नियाचा. बूट इतके कोरे की माझ्या गाई वळून वळून बघत होत्या. बराच वेळ शेडमध्ये होता. आर्लोने प्लास्टरमध्ये गुंडाळून ठेवलेली हाडांची एकूण एक गाठोडी त्याने हात लावून पाहिली, आजाऱ्याचं अंग बघावं तशी हलक्या हाताने. मग स्वयंपाकघरात आला, माझी कॉफी प्यायला आणि म्हणाला, “मॅडम, तीन शिंगांचे डायनोसॉर पुष्कळ निघतात, पण हातापायाच्या बोटांपर्यंत अख्खा, वर कवटी शाबूत, असा क्वचित.” मग त्याने एक आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही. पोस्टातली व्हायोला पाकिटं उजेडात धरून वाचते हे तुला माहीत आहेच. (व्हायोला, वाचत असलीस तर तुझ्या गुडघ्याला आराम पडो.)

मी त्याला सांगितलं, “बाबा रे, यातली अर्धी हाडं माझी आणि अर्धी माझ्या सुनेची.” जमीनवाल्याचा अर्धा हिस्सा, खणणाऱ्याचा अर्धा, असंच आपल्याकडे सगळे धरतात, आणि आर्लोच्या वाटणीचं जे आहे ते आता तुझं. दोघींचं एकमत झाल्याशिवाय त्याचा दातसुद्धा इथून हलायचा नाही.

तर माझं मत ऐक. आर्लो ज्याला ‘म्हातारा’ म्हणायचा, जेवताना ज्याच्याबद्दल आपल्या दोघींपेक्षा जास्त बोलायचा, तो मला विकायचा नाही. गावातल्या म्युझियमला द्यायचा आहे. म्युझियम बघणाऱ्या फे लिंडक्विस्टने जागासुद्धा दाखवली. बियाण्यांचं जुनं दुकान आहे ना, त्याची मधली भिंत पाडून हॉल करणार आहेत. खाली पितळी पाटी लागेल: ‘हा आर्लो हाउगेनने शोधला आणि खणून काढला.’ एवढंच. वाणसामानाला गावात जाते तेव्हा आत डोकावून, पाटी वाचून परत येईन. मला दुसरं काही नको.

बाकी ठीक. गाईंना चारा घालते, पाण्यावरचा बर्फ फोडते, जेवते, झोपते. चर्चमध्ये विचारतात, “कशी आहेस सेल्मा?” मी म्हणते, बरी आहे. आणि खरोखरच बरी आहे. मला काही होतच नाही, त्याचीच कधी कधी भीती वाटते. त्या वेळी शेजारणींनी जेवण भरून आणलेली काचेची भांडी अजून माझ्याकडे रचून ठेवली आहेत. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर जिचं तिचं नाव आहे. परत द्यायला हवीत, पण कोणी मागतही नाही.

सोबत फेने दिलेला देणगीचा कागद आहे. सही करून पाठव.

सेल्मा

*

स्पोकेन
२ फेब्रुवारी

प्रिय सेल्मा,

कागद परत पाठवते आहे. सही केलेली नाही.

मला म्हातारा विकायचा आहे. का ते लिहायला दोनदा बसले, दोनदा फाडलं. इतकंच लिहिते की सहा उन्हाळे आर्लो खणत होता त्या घळीत मी पाणी आणि सँडविच पोचवली. त्याच्या गुडघ्यांत माती, नखांत प्लास्टर, तोंडात म्हातारा. आणि शेवटी कवटी तेवढी राहिली होती ती ओढून आणायला तो ट्रॅक्टर घेऊन गेला आणि चढावर ट्रॅक्टर त्याच्या अंगावर उलटला. तेव्हा मी इथे बहिणीकडे होते, चार दिवसांसाठी म्हणून आलेली. हे सगळं तुम्हाला मी सांगायला नको. पण तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. वाचून वाटतं, म्हातारा आपल्या पायांनी चालत शेडमध्ये येऊन बसला.

लिलाववाल्यांना मी होकार कळवला आहे. त्यांची एकच अट आहे. खड्डा आपल्याच जमिनीत आहे असा मोजणीचा नकाशा हवा. बर्फ वितळला की मोजणीवाला पाठवते. त्याचा खर्च माझ्या वाटणीतून.

मी ठीक आहे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम लागलं. चादरींच्या घड्या घालायच्या. दिवसभर घालते आणि घरी आल्यावर दिवस कसा गेला ते आठवत नाही. काम आवडतं असं नाही, पण चादर काही विचारत नाही.

मॉरीन

*

हाउगेन रँच
१५ फेब्रुवारी

प्रिय मॉरीन,

‘माझ्या वाटणीतून’! वा. पैसा दिसला की माणसाची नजर फिरते असं ऐकून होते. तुझी इतक्या लांबूनही फिरली, कमाल आहे.

विकला तर तो कुठे जाणार हे त्या लिलाववाल्याला मी विचारलं होतं. म्हणाला, “कुणाच्या तरी दिवाणखान्यात, मॅडम. बहुतेक समुद्रापार.” म्हणजे कोणी शेअरबाजारातला शहाणा पार्टीला आलेल्या पाहुण्यांचे कोट त्याच्या शिंगांना अडकवणार. आणि नाव? नाव गुप्त ठेवायची सोय आहे म्हणाला, हे जसं काही माझ्यावर उपकारच! माझ्या मुलाने घरदार, बायको, पाठीचा कणा, सगळं त्या घळीत घातलं, ते काय गुप्त राहण्यासाठी? इथे हाउगेनांची चौथी पिढी त्याच्यावर संपली. मागे पोर नाही, बाळ नाही. त्या पाटीवर नाव लागलं तर लागलं, नाहीतर मी गेल्यावर तो होता हे सांगणारं इथे कोणी उरत नाही. हे तुला कळू नये?

तुला त्याचा राग होता, मला ठाऊक आहे. आपल्या घराच्या भिंती पातळ आहेत. ‘हाडं हवीत की मी ते एकदा ठरव’ असं तू त्याला म्हणालीस ते मी ऐकलं होतं. तेव्हा मी मध्ये पडले नाही. पण त्याच्यावर काढायचा राहिलेला राग आता त्याच्या नावावर काढू नकोस.

मोजणी खुशाल कर. कुंपणाच्या आत आहे खड्डा, आंधळ्यालाही काठी आपटून कळेल. मोजणीवाल्याला पैसे द्यायचेच असले तर दे बापडी.

सेल्मा

*

स्पोकेन
१ मार्च

प्रिय सेल्मा,

भिंत दोन्ही बाजूंनी सारखीच पातळ असते. ‘शहरातली पोर आहे, हिच्याच्याने इथे निभणार नाही’ असं तुम्ही आर्लोला स्वयंपाकघरात सांगत होतात, ते मलाही ऐकू आलं होतं. नाही निभलं. तुमचं बरोबर होतं.

पैशाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी चार वेळा वाचलं. वाईट वाटावं म्हणून वाचत होते. वाटलं नाही. पत्र घडी घालून ठेवलं, घड्या घालायची आता सवय झाली आहे.

मोजणीवाला एप्रिलच्या शेवटी येईल. त्याला कॉफी द्या, त्याचा काही दोष नाही.

मॉरीन

*

हाउगेन रँच
२६ एप्रिल

प्रिय मॉरीन,

गाई व्यायल्या. यंदा जुळं झालं एका गाईला, आणि तिने एकाला ढुशी देऊन बाहेर काढलं. त्याला मी बाटलीने पाजते आहे. थंडीने काही वासरं गेली, ती दरवर्षी जातात.

तुझा मोजणीवाला आला. माणूस चांगला, बोलायला कंजूष. लांब कोपऱ्यावर हद्दीचा लोखंडी खुंटा आहे तो त्याने मातीतून उकरून काढला, आपल्या मोजणीच्या यंत्राची तिकाटणी रोवली, दुपारभर घळीत वरखाली केलं. मग आत येऊन बसला. दोन कप कॉफी झाली तरी तोंड उघडेना. मी म्हटलं, “काय रे, जीभ खड्ड्यात राहिली का?” तेव्हा म्हणाला, “मिसेस हाउगेन, तुमचं कुंपण हद्दीवर नाही.”

मला हसू आलं. म्हटलं, “इथे कुणाचं असतं?”

खरंच आहे ते. तुला कदाचित कधी सांगितलंही नसेल. आपली हद्द त्या घळीच्या मधून सरळ रेघेसारखी जाते, आणि घळीत खांब रोवले की वसंतात पाणी येऊन सगळे उपटून नेतं. म्हणून माझ्या सासऱ्यांनी कुंपण घळीच्या पलीकडच्या उंचवट्यावर नेलं. तिथे सरकारी गवत थोडं आपल्यात आलं. त्याच्या बदल्यात उत्तरेला तेवढंच आपलं गवत सरकारच्या बाजूला सोडलं. त्या वेळच्या सरकारी माणसाने कुंपणावर टेकून सासऱ्यांशी हात मिळवला आणि विषय संपला. शेजारच्या ओरिनचं कुंपण तसंच आहे, सगळ्यांचंच आहे. गाईंना काय, गवत मिळाल्याशी कारण. ऐंशी वर्षांत त्यावरून कोणी एक शब्द बोललं नाही, म्हणून हळूहळू कुंपण तीच हद्द असं आम्ही धरून चाललो. आर्लो दर जूनमध्ये त्या कुंपणाच्या तारा ताणायचा, त्याला सगळं ठाऊक होतं. पण ते गवताच्या वेळी. हाडांच्या वेळी ते त्याला सुचलं नाही, मला नाही, कोणालाच नाही.

खड्डा सरकारी जमिनीत आहे. अख्खा. काठावर असता तर वाद घालता आला असता, तेवढीही जागा नाही. कुंपणाने शेत खाल्लं असं म्हणतात, मी मोजणीवाल्याला म्हटलं, आमच्या कुंपणाने तर हाडं खाल्ली. तो हसला नाही.

तेव्हा म्हातारा तुझाही नाही आणि माझाही नाही. तुला विकता येत नाही, मला देता येत नाही. इतके महिने आपण दुसऱ्याच्या गाईच्या दुधावरून भांडत होतो.

तुझ्यावर चिडून बघितलं. तू मोजणी काढली नसतीस तर फेने एक कागद न विचारता म्हातारा उभा केला असता, पाटी लागली असती आणि मी मरेपर्यंत ती बघितली असती. हे सगळं मनात नीट जुळवलं, तरी राग येईना. मग उठून वासराला दूध पाजलं.

सेल्मा

*

स्पोकेन
५ मे

प्रिय सेल्मा,

मोजणीवाल्याने कुणाला सांगितलं आहे का? नसेल तर त्याला गप्प राहायला सांगा. त्याचे पैसे मी दिले आहेत, नकाशा माझा आहे, मी तो फाडते. लिलाववाल्यांना नको म्हणून कळवते.

म्हातारा फेला देऊन टाका. देणगीचा दुसरा कागद मी तिच्याकडून मागवून घेतला, सही करून सोबत पाठवते आहे. मी हरले असं समजा. पण लवकर करा.

मॉरीन

*

हाउगेन रँच
१७ मे

प्रिय मॉरीन,

सहीचा कागद पोचला. हाच कागद जानेवारीत आला असता तर, असं वाक्य सुरू केलं होतं. पुरं करत नाही.

मोजणीवाल्याला मी काही सांगितलं नाही. उलट सरकारी जमीन खात्याला मीच फोन केला. तू म्हणशील, म्हातारीला वेड लागलं. विचार कर, म्हातारा फेच्या हॉलमध्ये उभा राहिला असता, गावाने टाळ्या वाजवल्या असत्या, आणि मग कधीतरी कोणीतरी तो खड्डा पुन्हा मोजला असता. मग गावासमोर सरकारने त्याला पाटीसकट उचलून नेलं असतं. आर्लोला लोकांनी तसं बघावं हे मला सोसलं नसतं. असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, सुचलं. वाटण्याचं मी हल्ली काही सांगू शकत नाही.

त्यांचा माणूस आला, डेलगाडो नावाचा. न्यू मेक्सिकोकडचा, या वसंतातच इथे बदलून आलेला, अजून इकडच्या चिखलात चालता येत नाही. चढून येताना दोनदा बसला. पण पोरगा सरळ आहे. “बाई, तुम्ही स्वतः कळवलंत, असं कोणी करत नाही,” म्हणाला. हाडं कोणी खणली ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुढच्या दिवशी मोठी गाडी आणली, गाठोडी एकेक करून चढवली आणि घेऊन गेले. राज्याच्या मोठ्या म्युझियमच्या तळघरात ठेवणार. उघडणार कधी? “वर्षं लागतील, पुढे बरीच रांग आहे,” म्हणाला. शेड आता रिकामी आहे. दार वाऱ्याने वाजतं, ते बांधायला हवं.

राहिला एक कागद. त्यात खणणाऱ्याच्या नावाची जागा आहे. डेलगाडोने पेन खाली ठेवून मला नीट समजावलं. तिथे नाव लिहिलं, तर त्याच्या पुढे हेही लिहावं लागणार की या माणसाने सरकारी जमिनीतून परवानगीशिवाय हाडं काढली. साध्या भाषेत चोरी. शिवाय आपण भाड्याने घेतो त्या सरकारी कुरणाचा करार पुढच्या वर्षी नव्याने व्हायचा आहे. “वरचे लोक फाइल उघडून बघतील, काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही,” म्हणाला. नाव नाही लिहिलं, तर ‘खणणारा अज्ञात’, आणि फाइल बंद.

ते कुरण गेलं तर अर्ध्या गाई विकाव्या लागतील. अर्ध्या गाईंवर ही रँच चालत नाही, हे तुला सांगायला नको.

एक जूनला त्याच्या ऑफिसात जाऊन सही करायची आहे. अज्ञात लिहिणार आहे. पाटी नाही तर नाही. चोर म्हणून नाव राहण्यापेक्षा न राहिलेलं बरं. तुझं काही म्हणणं असेल तर कळव, पण असेल असं वाटत नाही.

सेल्मा

*

स्पोकेन
२४ मे

प्रिय सेल्मा,

म्हणणं आहे. त्याचं नाव लिहा.

मी विकायचं म्हणत होते ते पैशासाठी नव्हतं. तुम्ही तसं समजलात आणि मी समजू दिलं, खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. फेच्या हॉलमध्ये शाळेच्या बस येणार. पोरं त्या कवटीवर हात फिरवणार, मास्तरीण म्हणणार, बघा मुलांनो, किती सुंदर. ती आणायला गेला आणि तो मेला, सेल्मा. ती कोणी सुंदर म्हटलेली मला नको होती. ती इतकी लांब जायला हवी होती की तिच्याबद्दलचा एकही शब्द माझ्या कानावर येणार नाही. समुद्रापार म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं होतं.

पण अज्ञात नाही. सहा उन्हाळे मी कुणा अज्ञात माणसावर चिडले नव्हते. अज्ञात माणसाच्या पाठीला रोज रात्री मलम चोळलं नव्हतं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या जमिनीवर हाडांचा नकाशा काढून, तुमचा बटाटा म्हाताऱ्याचं डोकं म्हणून ठेवून मला समजावणारा माणूस अज्ञात नव्हता. मला त्याचा इतका राग यायचा की मी उठून निघून आले. तो कोणी नव्हताच असं लिहिलं तर मी कुणाला सोडून आले?

चोर लिहायचं तर लिहू दे. चोरालाही आई असते, बायको असते, नाव असतं.

कुरणाचं मला समजतं. तिथे न राहता, तुम्हाला गाई विकायची वेळ आणायचा मला काही हक्क नाही. तरी म्हणते आहे.

आज काम करताना हात थांबले. चादर हातात धरून उभी राहिले होते म्हणे. मुकादमीणबाईने घरी पाठवलं.

मॉरीन

*

हाउगेन रँच
१२ जून

प्रिय मॉरीन,

तुझं पत्र मला चार तारखेला मिळालं. आठवडाभर पाऊस होता. आपल्या रस्त्याची माती भिजली की काय होतं ते तू विसरली नसशील, चाकाला अशी धरते की टपालाची गाडी व्हायोलाच्या दारातून हलतच नाही. मी मात्र एक तारखेला चाकांना साखळ्या बांधून, चिखल उडवत गेले आणि सही करून आले होते. अज्ञात. येताना काही वाटलं नाही. घरी येऊन अंडी उकडून खाल्ली.

मग तुझं पत्र आलं. ते व्हरांड्यात उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. बटाट्याचं वाचून आठवलं, त्या दिवशी मी त्याला ओरडले होते, जेवणाचा बटाटा आहे तो, उचल आधी.

सोमवारी ओरिनला गाईंकडे बघायला सांगितलं आणि पुन्हा ऑफिसात गेले. डेलगाडो मला बघून उभाच राहिला. म्हणाला, “काही राहिलं का?” मी म्हटलं, “तो कागद काढ. नाव लिहायचं आहे.” कागद अजून त्याच्याच टेबलावर होता. तो हळू आवाजात म्हणाला, “बाई, झालं ते तुमच्या भल्याचं झालंय. करारावर परिणाम होऊ शकतो असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही घरी जा.” मी म्हटलं, “माझ्या गाईंचं मी बघीन. तू लिही.”

त्याने नवा कागद घेतला. विचारलं, “खणणाऱ्याचं नाव?”

“आर्लो हाउगेन.”

“तुमचे कोण?”

“मुलगा.”

मग तो, बिचारा, जे त्याच्या नियमात आहे तेच म्हणाला. “मग सही त्यांची लागेल. ते स्वतः का नाही आले?”

मी म्हटलं, “तो वारला.”

मॉरीन, हे मी या आधी तोंडाने कधी म्हटलंच नव्हतं. तुला खरं वाटणार नाही, पण म्हणायची वेळच आली नाही. ट्रॅक्टरपाशी आधी ओरिन पोचला. त्याने शेरीफला सांगितलं, शेरीफने पाद्रीबाबांना, आणि मी घळीतून घरी येईपर्यंत बायका जेवणाची भांडी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यानंतर जो भेटला त्याला आधीच ठाऊक होतं. दुकानात, बँकेत, चर्चमध्ये, सगळीकडे. इथे असंच करतात. दुखऱ्या माणसाला बोलायला लावत नाहीत, त्याच्या वाटचं सगळं दुसरे बोलून टाकतात. त्यांनी चांगुलपणानेच केलं. पण मला कोणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही. पहिल्यांदा विचारलं ते या परक्या पोराने, त्याला माहीत नव्हतं म्हणून.

माझाच आवाज माझ्या कानांनी ऐकला आणि तेव्हा मला कळलं. पुढचं मला धड आठवत नाही. खुर्चीचा हात धरून ठेवला होता, तो सोडता येईना. मी मोठ्याने रडले, मॉरीन, अगदी गुरासारखी, त्या सरकारी ऑफिसात, भिंतीवरच्या नकाशांसमोर. डेलगाडो घाबरून पाणी घेऊन आला, मग पलीकडच्या खोलीतून टायपिस्ट बाईला बोलावून आणलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ती कोण कुठली, मला तिचं नावही माहीत नाही. दुपारी त्यांनीच मला गाडीपर्यंत सोडलं.

नाव लिहिलं आहे. आई म्हणून खाली सही मी केली. परवानगीशिवाय वगैरेही सगळं लिहिलं आहे. कुरणाचं पुढच्या वर्षी कळेल, गेलं तर जाईल. आता मी बरी नाही. रोज कधीही रडू येतं, दूध काढताना येतं, ओरिनशी बोलताना येतं. तो बिचारा टोपी हातात घेऊन उभा राहतो.

एकच गोष्ट मनातून जात नाही. त्या दिवशी तुलाही फोन ओरिननेच केला होता. मी शेजारच्या खोलीत बसून होते आणि मी उठले नाही. तुला परक्याच्या तोंडून ऐकावं लागलं. ते मी सांगायला हवं होतं, दुसऱ्या कोणी नव्हे. म्हणून आता सांगते.

मॉरीन, पोरी, आपला आर्लो वारला. तू घरी ये.

सेल्मा